दुसरा कस

आमच्या आईला एक खोड आहे. सोन्याचा कस ती कधी एका दगडावर पाहत नाही.

मी लहान असताना तिचे बोट धरून सोनाराच्या पेढीवर जात असे. सोनार काळ्या कसोटीवर आमच्या दागिन्याची एक रेघ ओढी, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची दुसरी. मग वर तेजाबाचा थेंब टाकी. हलकी रेघ विरून जायची, चोख रेघ तशीच हसत राहायची. मला ती जादू वाटे. आई मात्र दागिना पदरात बांधून सरळ पलीकडच्या आळीतल्या सोनाराकडे जाई. दादांना याचा फार संकोच वाटायचा. "अगं, पिढीजात सोनार आपला. त्याला काय वाटेल?" ते म्हणत. त्यावर आईचे उत्तर ठरलेले असे, "वाटेल ते वाटू दे. सोनं खरं असेल, तर दुसऱ्या दगडावरही तेवढंच उतरेल."

आईच्या या एका वाक्यात केवढे शास्त्र भरले आहे, हे मला कळले ते बुसांगची हकिकत वाचताना. बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियाकडील भागात, घनदाट रानात हे ठिकाण आहे. ब्रे-एक्स नावाच्या कॅनडातील कंपनीने १९९३ साली तेथे सोन्याचा शोध सुरू केला. जमिनीत खोल भोके पाडायची, आतून दगडाच्या लांब कांड्या काढायच्या, त्यांची भुकटी प्रयोगशाळेत पाठवायची, असा क्रम. आकडे फुगत गेले. १९९७ च्या फेब्रुवारीत सात कोटी औंसांची, म्हणजे सुमारे बावीसशे टन सोन्याची, बातमी जगभर झाली. लोकांनी घरदार विसरून शेअर घेतले. ऑन्टारिओतील शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीचेही हात त्यात पोळले. मी स्वतः मास्तर असल्याने ते वाचताना जरा अधिकच चटका बसला.

गंमत अशी, की प्रयोगशाळा खोटे बोलत नव्हती. तिच्या हाती आलेल्या भुकटीत सोने खरोखरच होते. ते तेथे पोचण्यापूर्वी कुणीतरी कालवले होते, इतकेच! खाणीच्या धंद्यात कांडी उभी चिरतात. अर्धी तपासायला धाडतात, अर्धी जपून ठेवतात. पुढे शंका आलीच, तर ती अर्धी साक्ष देते. बुसांगला बहुतेक कांड्या सबंधच्या सबंध दळल्या गेल्या. साक्षीदारच उरला नाही.

शेवटी भागीदारीला आलेल्या अमेरिकन कंपनीने जुन्या भोकांच्या शेजारीच स्वतःची भोके पाडली. हाती धुपाटणे आले. मग टोरांटोच्या स्ट्रॅथकोना या त्रयस्थ तज्ज्ञ कंपनीला बोलावण्यात आले. तिने जुन्या आकड्यांवर विसंबून न राहता नवी भोके पाडली, पहाऱ्यात नमुने घेतले, निराळीकडे तपासले. मे १९९७ मध्ये निकाल लागला : सोने नाहीच. जुन्या नमुन्यांतले कणसुद्धा नदीच्या वाळूत सापडतात तसे गोल, घासलेले होते.

अशा तपासणीची जुनी रीत मोठी सुरेख आहे. दगडाच्या भुकटीत शिशाची भस्मे, सोडा, टाकणखार मिसळून मुशीत वितळवतात. शिसे खाली बसताना सोनेचांदी आपल्या पोटात घेते. तो गोळा हाडांच्या राखेच्या वाटीत तापवला, की शिसे राखेत जिरते आणि चिमुकला मणी उरतो. त्यातली चांदी तेजाबाने काढली, की राहते ते सोने. पण खरा पारखी एवढ्यावर थांबत नाही. तो नमुन्यांत मधूनच सोने मुळीच नसलेला दगड सरकवतो, ठाऊक कसाची पुडी ठेवतो, एकच नमुना दोनदा धाडतो. आणि प्रयोगशाळेला यातले काही सांगत नाही. आमच्या आईला हे ऐकवले असते, तर ती म्हणाली असती, "मग त्यात नवल ते काय?"

पण ऐकवायचे धैर्य मला नव्हते. कारण सांगतो.

तीन वर्षांमागे मुलीच्या लग्नासाठी आईने आपल्या साडेपाच तोळ्यांच्या पाटल्या माझ्या हाती दिल्या. मी त्या एका पेढीवर मोडायला टाकल्या. ओळखीचा मनुष्य, त्याच्यासमोर दुसरीकडे जाण्याची मला लाज वाटली. वितळवल्यावर सोने भरले सव्वाचार तोळे. "जुना डाख फार होता, घट येणारच," तो म्हणाला. तो खरेही बोलत असेल. वितळलेल्या पाटलीला साक्षीदार कुठला? नव्या बांगड्यांवर हॉलमार्कचा शिक्का आहे. पण तो बांगड्यांचा कस सांगतो, पाटल्यांचा नाही.

घरी आईने एकच विचारले, "मोडण्याआधी दुसरीकडे दाखवल्यास ना?"

"दाखवल्या की," मी म्हणालो. "तिथंही तेवढाच कस निघाला."

बुसांगच्या भुकटीत सोने कालवणाऱ्याला हसण्याचा माझा हक्क त्या क्षणी संपला.

यंदा लक्ष्मीपूजनाला मुलगी माहेरी आली. पाटावर बांगड्या ठेवल्या होत्या. समईच्या उजेडात त्या अशा लखलखत होत्या, की मला राहवेना. सर्वांदेखत मी आईला खरे काय ते सांगून टाकले.

आईने फुलवात सारखी केली. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "ठाऊक आहे मला. त्याच दिवशी सूनबाईला विचारलं होतं मी."