कल्हई : भांड्यात उतरलेले एक बंदर

पितळेच्या भांड्यात ताक किंवा आंबट आमटी ठेवली की कळकते. म्हणून आतून कल्हई हवी. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने तो सर्वत्र पसरवायचा. या साऱ्या क्रियेत धातूचे नाव कथील. मग ‘कल्हई’ म्हणजे काय?

मूळ अरबी ‘क़लई’ हे नाम नव्हे, विशेषण आहे. स्थलनामाला ‘ई’ जोडून ‘तिथला’ हा अर्थ साधण्याच्या या रीतीला अरबी व्याकरणात ‘निस्बा’ म्हणतात : मक्का, मक्की. शिशाला अरबीत ‘रसास’ म्हणत आणि कथलाला ‘रसास क़लई’, म्हणजे क़लाकडचे शिसे. विशेषण नामानंतर येते. पुढे नाम गळाले आणि विशेषणच धातूचे नाव झाले. आपण वेगळे काय करतो? ‘कोल्हापुरी घेतल्या’ म्हटल्यावर चप्पल हा शब्द कुणाला लागत नाही. (आपला हा ‘ई’ फारसीतला की संस्कृत ‘ईय’चा, हा वाद इथे नको.)

आता ते स्थळ कोणते? दहाव्या शतकातला प्रवासी अबू दुलफ सांगतो की तिथे मोठा किल्ला होता, अरबीत ‘क़लआ’, आणि त्यावरून धातूचे नाव पडले. आपला ‘किल्ला’ही याच ‘क़लआ’चा वंशज. म्हणजे किल्ला आणि कल्हई सख्ख्या बहिणी! पन्हाळ्याच्या सावलीत वाढलेल्या मला ही व्युत्पत्ती मोहक वाटते, पण पटत नाही. नवव्या शतकातला भूगोलकार इब्न खुर्दादबिह मलाया द्वीपकल्पातील ‘कला’ या ठिकाणी क़लई शिशाची खाण असल्याचे नोंदवतो. हे नाव साध्या ‘काफ़’ने सुरू होते आणि ‘हे’ने संपते, किल्ल्याच्या शब्दात मात्र खोल कंठातला ‘क़ाफ़’ आणि ‘ऐन’ आहे. परक्या बंदराचे नाव अरबांनी आपल्या ओळखीच्या शब्दासारखे करून घेतले आणि किल्ला मागाहून कथेत बांधला गेला, असे मला वाटते. अनेक अभ्यासक हे बंदर आजच्या मलेशियातील केदाह मानतात. त्या पट्ट्यात कथील विपुल, भारतात मात्र ते तुटपुंजे. त्यामुळे धातूबरोबर शब्दही समुद्रमार्गे आला. पोर्तुगीजांनीही तोच ‘कलाइं’ म्हणून उचलला.

मराठीत कथील आधीच होते. म्हणून या पाहुण्या शब्दाला धातू मिळाला नाही, भांड्याच्या आतला पातळ थर तेवढा मिळाला. अरबीतला पुल्लिंगी ‘क़लई’ अंत्य ‘ई’मुळे इथे ‘ती कल्हई’ झाला, आणि तिच्यामागून कल्हईवाला आला.