मावशी, आमटी वाढू?



माझी भाची पुण्यात एका लॉ फर्ममध्ये सेक्रेटरी आहे. "म्हणजे टायपिंगच ना?" असं बऱ्याच जणी म्हणतात. टायपिंग आहेच, शिवाय प्रतिज्ञापत्रं तयार करणं, कागदपत्रांना पाननंबर घालणं, तारखांची डायरी सांभाळणं. समन्स मिळाल्यावर लेखी कैफियत साधारण ३० दिवसांत द्यायची असते. ती तारीख निसटली तर नुकसान पक्षकाराचं.

पण खरी जोखीम वेगळीच. कुणाचा घटस्फोट, कुणाच्या वाटण्या, सगळं तिच्या हाताखालून जातं. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ प्रमाणे पक्षकाराचं गुपित राखण्याचं वकिलावरचं बंधन त्याच्या कारकुनांना आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणं, रहोभ्याख्यान म्हणजे एकांतातली गोष्ट उघड करणं. हे दोन तिने टाळायचे. आणि साकारमंत्रभेद? हावभावावरून दुसऱ्याचं गुपित ओळखून ते फोडणं. हा मात्र आपण सगळ्यांनी टाळायचा.

मागे विधानाच्या जेवणात एकीने तिला विचारलंच, "त्यांचे पेपर तुमच्याकडेच आलेत ना?" ती म्हणाली, "मावशी, आमटी वाढू?" तेवढ्यावरून "म्हणजे आलेतच!" अशी कुजबुज पंगतभर पसरली. जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं, तिची आई समोरच्याच पंगतीत जेवत होती. ती अर्ध्या ताटावरून उठली.

भाचीने गुपित राखलं होतं. पण विचारणारीने त्याचा काही उपयोग होऊ दिला नाही. आपल्या मुली आता अशा नोकऱ्या करताहेत. त्यांना असलं काही विचारूच नये.