पेटीवरचं नाव

होस्टेलवर बादलीवर नाव टाकलं नाही तर ती आठ दिवसांत वरच्या मजल्यावर सापडते, हे मी तुम्हाला सांगायला नको. नाव, ब्रँच, रूम नंबर, सगळं ऑइलपेंटने लिहावं लागतं. फौजेतही हाच प्रकार असतो, फक्त तिथे बादलीच्या जागी काळी लोखंडी पेटी असते. गेली दोन वर्षं सुट्टीत गावी गेलो की मी अशा पेट्या बघत हिंडतो. आतापर्यंत अंबड आणि भोकरदन तालुक्यांत मिळून अकरा झाल्या. घरचे म्हणतात, एवढा अभ्यास एम-थ्रीचा केला असतास तर बरं झालं असतं.

माझा नियम असा की वस्तू मागायची नाही. फोटो काढायचा, वहीत उतरवून घ्यायचं आणि चहा पिऊन निघायचं. जुन्या लष्करी वस्तू विकत घेऊन काचेच्या कपाटात मांडणारे हौशी लोक जगभर आहेत, नाव असलेल्या वस्तूला त्यांच्यात जास्त भाव असतो म्हणे. पण पेटी घरातून हलली की तिच्याबद्दल सांगणारं माणूस मागेच राहतं, असं मला वाटतं.

रायफल, पट्टे, पाऊच हे सगळं सरकारी. फौज सोडताना ते जमा करावं लागतं. घरी येते ती स्वतःची पेटी, एखादा इनॅमलचा मग, थाळी, घोंगडी, मेडल्स आणि डिस्चार्ज बुक. मगावर बहुधा रंग नसतो, खिळ्याने ठोकून टिंबाटिंबांनी नाव काढलेलं असतं. ते बोटाला लागतं, अंधारातही वाचता येतं.

पेटी वाचायची एक पद्धत आहे. आधी नंबर बघायचा. जवानांच्या नंबरात सुरुवातीचे आकडे भरती कुठे झाली ते सांगतात. २७ असेल तर मराठा लाइट इन्फंट्री, ४५ असेल तर महार रेजिमेंट, २६ असेल तर ग्रेनेडियर्स. आमच्याकडे २७ आणि ४५ जास्त भेटतात. पण एवढ्यावर घाई करायची नाही, कारण माणूस दुसऱ्या पलटणीत गेला तरी नंबर जुनाच राहतो. १९७१ च्या युद्धात परमवीर चक्र मिळालेले लान्स नायक अल्बर्ट एक्का १४ गार्ड्स या पलटणीत लढले, पण त्यांचा नंबर ४२ ने सुरू होतो, म्हणजे बिहार रेजिमेंटचा. मुळात ते तिथे भरती झाले होते.

मग हुद्दा. हा बदलत जातो, म्हणून पेटीवर त्या जागी रंगाचे थर चढलेले असतात. मोबाइलचा टॉर्च बाजूने, अगदी पत्र्याला टेकवून मारला की ‘हवालदार’च्या खाली ‘नायक’ आणि त्याच्याही खाली ‘लान्स नायक’ उमटतो. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलमध्ये मला कधी एवढी मजा आली नाही.

नावाची तर वेगळीच गंमत. लिहिणारा क्लार्क हिंदीवाला असला की आपल्या ‘ज्ञान’चा ‘ग्यान’ होतो. एका पेटीवर तसं नाव आहे आणि मग पेन्शनच्या कागदावरही तेच. त्या घरातली माणसं बँकेत ‘ग्यान’ आणि पंढरीच्या दिंडीत ‘ज्ञान’ असा कारभार चालवतात.

शेवटी पत्ता. अंबड, भोकरदनच्या जुन्या पेट्यांवर ‘जि. औरंगाबाद’ असतं. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला, त्यामुळे पेटीचा काळ इथे पटकन कळतो. परतूर तालुका परभणीतून आला, तिकडे जुनी पेटी मिळाली तर तिच्यावर परभणी असणार. त्या वेळी आपल्याकडे मीटर गेज होतं. सुट्टी संपली की जालन्याला गाडीत बसायचं, मनमाडला उतरायचं आणि पेटी डोक्यावर घेऊन मोठी गाडी पकडायची. एका पेटीचा कोपरा चेपलाय, तो मनमाडच्या पुलावर चेपला असं त्या घरच्या आजी सांगतात.

तसं लष्कर आमच्या जिल्ह्याला नवं नाही. जालन्याला इंग्रजांच्या काळात छावणी होती. भोकरदन तालुक्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीची आणि शिंदे-भोसल्यांची लढाई झाली. तिची आठवण म्हणून मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही असईचा हत्ती आहे. त्या दिवशी दोन्हीकडून पडलेल्या साध्या शिपायांची नावं मात्र आमच्या तालुक्यात कुणाला सांगता येत नाहीत.

आता ज्या पेटीसाठी हे सगळं लिहायला बसलो तिच्याबद्दल. आमच्या शेजारच्या गावात एक आजोबा आहेत, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे खडकीचे. सॅपर म्हणजे फौजेतले आपले सिव्हिलवाले: पूल बांधणार, रस्ता करणार, सुरुंग काढणार. १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे दूर करून परमवीर चक्र मिळवणारे कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे याच सॅपर्सचे. गावात सगळ्यांना पाठ आहे की आजोबा ढाक्याला होते, पाकिस्तानी फौजेने शस्त्रं टाकली तेव्हा तिथेच उभे होते. शाळेत २६ जानेवारीला त्यांच्या नातवाचं भाषण त्यावरच असतं.

पेटीच्या तळाशी रुमालात मेडल्स होती. ताऱ्याच्या मागे बारीक अक्षरांत नंबर आणि नाव ठोकलेलं, पेटीवरच्या नंबराशी तंतोतंत जुळणारं. पण तारा होता पश्चिमी. ढाक्याच्या बाजूला लढणाऱ्यांना पूर्वी स्टार मिळाला, पंजाब-जम्मूच्या बाजूच्यांना पश्चिमी. मी तारा हातात धरून गप्प बसलो. नातू समोरच उभा होता, आठवीतला पोरगा. त्याच्यासमोर विचारावं की नाही? शेवटी तो पाणी आणायला गेला तेव्हा मी हळूच म्हणालो, “आजोबा, हा तर पश्चिमेकडचा आहे.”

“मंग?” ते म्हणाले. “मी कव्हा ढाका म्हन्लो? रेडिओवर ढाका होता, पेपरात ढाका होता. सुट्टीवर आलो तं लोकच म्हन्ले, ढाक्याहून आला. किती जनाला सांगत बसू?”

मग कळलं, ते शकरगडच्या बाजूला होते. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात सह्या होत होत्या, त्याच दिवशी तिकडे बसंतर नदीकाठी रणगाड्यांची लढाई चालू होती आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल तिथे पडले. रणगाडे पुढे जायला सुरुंगांच्या पट्ट्यातून आधी वाट लागते, आणि ती वाट सॅपर काढतात. आजोबांनी मला अंगणात पालथं झोपून दाखवलं. वय पंचाहत्तरच्या पुढे! हातात छत्रीची काडी.

“सळई तिरकी टोचायची. का बरं?” त्यांनी विचारलं.

आता ही व्हायवा झाली. मी म्हणालो, उभी टोचली तर सुरुंगाच्या डोक्यावर दाब येईल, तिरकी बाजूला लागेल.

“शिकतोस वाटतं,” ते म्हणाले. हे सर्टिफिकेट मी आमच्या एच.ओ.डी. सरांना दाखवणार आहे.

नातू तांब्या घेऊन दारात उभा राहून सगळं बघत होता. “मंग ढाक्याला कोन होतं?” त्याने विचारलं. आजोबा उठून धूळ झटकत म्हणाले, “दुसरे होते. आमी इकडं व्हतो.” पोरगा जरा हिरमुसला. पण संध्याकाळी तोच छत्रीची काडी घेऊन अंगणभर सुरुंग शोधत होता.

घाई मला दुसऱ्याच कारणाने वाटते. जालना म्हणजे सळईचं गाव. इंडस्ट्रियल व्हिजिटला आपण पाहिलं, भट्टीत भंगार पडतं आणि तिकडून लालभडक सळई बाहेर येते. १५३८ अंशांना शुद्ध लोखंड वितळतं हे आपण पाठ करतो, पण पत्र्यावरचा पांढरा रंग त्याच्या कितीतरी आधी जळून जातो. म्हातारा गेला, म्हातारी मुलाकडे पुण्याला गेली, घर पाडून स्लॅब टाकायचा ठरला, की पेटी किलोवर जाते. मी ऐकून बघायला गेलेल्या दोन पेट्या मी पोहोचायच्या आधीच गेल्या होत्या. घरच्यांना दोष देता येत नाही. गंजलेली पेटी ठेवायची कुठे, त्यांनाही जागा लागतेच की. म्हणून फोटो आणि वही. जमलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक प्रत द्यायचा विचार आहे.

गेल्या दिवाळीत सॅपर आजोबांनी मला पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणायला लावला. अक्षरं पुसट झालीत, पुन्हा काढून दे म्हणाले. माझ्या जीवावर आलं होतं, कारण जुन्या थरावर नवा रंग म्हणजे संशोधनाचं वाटोळं. पण पेटी त्यांची. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मग ब्रश घेतला. ते खाटेवर पडून, डोळे मिटून सांगत होते. नंबर सगळाच्या सगळा, कुठे न अडखळता. हुद्दा, नाव. पत्त्याला मी थांबलो.

“औरंगाबादच ठेवू का?”

“आता जालना लिही. पोस्टमन चुकंल.”

पेटीत आजींचं ज्वारीचं बियाणं होतं. त्या आतून ओरडल्या, रंगाचा वास बियाण्याला लागंल, दोन दिवस पेटी बाहेरच ऱ्हाऊ द्या.