फोल्डर कोणी उडवलं?

संपादकांची अट एकच होती : ‘सामान्य वाचकाला कळेल असं लिहा.’ अहिल्यानगर शहरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या कार्यालयांची नेटवर्कं सांभाळणं हा माझा धंदा आहे. लोक मला ‘कॉम्प्युटरवाले’ म्हणतात आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच बोलावतात. त्यामुळे न कळणाऱ्याला कळेल असं सांगायचा थोडा सराव आहे. तरी मध्येच घसरलो तर सांभाळून घ्या.

विषय आहे नॅस. टेबलावर मावणारी एक पेटी, आत दोन किंवा चार हार्ड डिस्क, मागे नेटवर्कची वायर. कार्यालयातल्या सगळ्यांच्या सामाईक फायली तिच्यात असतात आणि प्रत्येकाच्या संगणकावर ती ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसते. पेटीच्या आत बहुधा लिनक्स चालतं. त्याला विंडोजची भाषा बोलता येते ती ‘सांबा’ या सॉफ्टवेअरमुळे. ते अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियातल्या माणसाने १९९२च्या सुमारास लिहायला घेतलं आणि फुकट वाटलं. आमच्याकडे मात्र या पेटीला कोणी ‘सर्व्हर’ म्हणतं, कोणी ‘बॅकअप’. दुसरं नाव धोक्याचं आहे; त्याकडे पुढे येतो.

अलीकडे सगळ्यांत जास्त फोन येतात ते एकाच तक्रारीचे : ‘कालपर्यंत झेड ड्राइव्ह उघडत होता, आज उघडत नाही.’ पेटी धडधाकट असते. बदललेला असतो तो समोरचा संगणक. विंडोज ११ची ‘२४एच२’ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२४पासून येऊ लागली आणि विंडोजची ‘प्रो’ प्रत वापरणाऱ्यांवर तिने दोन गोष्टींची सक्ती केली. एक, पेटी आणि संगणक यांच्यातल्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही हवी, म्हणजे वाटेत कोणी फेरफार केला तर कळेल. दोन, नाव-पासवर्ड न सांगता ‘गेस्ट’ म्हणून आत शिरणं बंद. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला आणि टाळाटाळ करणारेही ११वर आले. आपला अख्खा धंदा इतकी वर्षं पाहुणा म्हणून चालला होता, हे अनेक मालकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग फोनवर फर्मान येतं, ‘भाऊ, काही करा, पण पहिल्यासारखं करून द्या.’ पहिल्यासारखं करणं अवघड नाही. एक-दोन सेटिंग्ज उलटी फिरवली की झालं. मी ते करत नाही. त्यामागे शहराच्या सावेडी भागातल्या एका आर्किटेक्टच्या कार्यालयात घडलेला प्रकार आहे.

तिथे एका गृहप्रकल्पाच्या नकाशांचं फोल्डर भर दुपारी नाहीसं झालं. नुकसान फारसं झालं नाही. पेटी रोज रात्री स्नॅपशॉट घेत होती, म्हणजे त्या क्षणी फायली जशा होत्या तशी त्यांची नोंद ठेवत होती आणि नंतर कोणी काही पुसलं तरी जुना मजकूर जपत होती. मी आदल्या रात्रीचं फोल्डर परत आणून दिलं. सकाळपासूनचं काम तेवढं गेलं. मी निघणार, तेवढ्यात मालकांनी विचारलं, ‘पण उडवलं कोणी?’

पेटीच्या लॉगमध्ये एक ओळ होती : वेळ, कृती, वापरकर्ता, आयपी पत्ता. कृती होती ‘डिलीट’. माउस घसरून फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन बसतं, हा नेहमीचा अपघात. पण तसं झालं असतं तर ‘मूव्ह’ किंवा ‘रीनेम’ अशी नोंद दिसली असती. इथे खरोखरच पुसलं होतं. मुद्दाम की चुकून, हे लॉग सांगत नाही. नेटवर्कवरून पुसलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. ‘कायमचं पुसू का?’ असा प्रश्न पडद्यावर येतो आणि तो न वाचता एंटर दाबायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे.

वापरकर्ता होता ‘ऑफिस’. सगळ्या टेबलांवर हेच नाव आणि हाच पासवर्ड. उरला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर संगणकाला मिळणारा क्रमांक. पण हे पत्ते राउटर वाटतो. आज या लॅपटॉपला मिळालेला पत्ता उद्या दुसऱ्याला मिळू शकतो. कोणता पत्ता कधी कोणाकडे होता, ही यादी स्वस्तातल्या राउटरच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. मी पोचायच्या आधी वीज जाऊन आली होती आणि यादी कोरी झाली होती. त्यात पेटीचं घड्याळ कोणी कधी जुळवलेलं नव्हतं, म्हणजे लॉगमधली वेळही पक्की नाही.

त्या कार्यालयातल्या एका ड्राफ्ट्समन मुलाला पुण्यात नोकरी लागली होती आणि त्याने नुकताच राजीनामा दिला होता. संशयाला एवढं पुरलं. या नोंदीवरून कोणाकडेही बोट दाखवता येणार नाही, असं मी मालकांना लेखी दिलं. त्यांनी कागद वाचला, खिशात घातला आणि त्या मुलाचा शेवटचा पगार अडवला. दोन दिवसांनी मुलाचा फोन आला, ‘सर, मी नाही केलं, एवढं तरी लिहून द्या ना.’ तेही मला देता येत नव्हतं. ज्या लॉगने त्याला दोषी ठरवता येत नव्हतं, त्याच लॉगने त्याला निर्दोषही ठरवता येत नव्हतं. हे प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही.

स्वतंत्र लॉगिनचा विषय काढला की मालक दुखावतात. ‘आमच्याकडे सगळी घरचीच माणसं आहेत हो.’ मी त्यांना पतसंस्थेची आठवण करून देतो. आपल्या जिल्ह्यात त्यांना तोटा नाही. तिथल्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोघांकडे राहतात आणि त्यावरून कॅशियरचा कधी अपमान होत नाही. उलट रोकड कमी भरली तर एकट्यावर आळ येत नाही, म्हणून तोच दुसऱ्या किल्लीचा आग्रह धरतो.

दुसरं उत्तर ठरलेलं असतं : ‘काळजी कशाला? चार डिस्क टाकल्यात, रेड केलंय.’ इथे माझा तोल जातो. संपादकांनी पुढच्या दोन परिच्छेदांवर कात्री चालवली तर मी समजून घेईन.

रेडची कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीतल्या तिघांनी १९८८च्या निबंधात मांडली. महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्त अनेक डिस्क एकत्र बांधायच्या आणि एखादी मेली तर बाकीच्यांवरच्या हिशेबावरून तिचा मजकूर पुन्हा काढायचा. चार डिस्कच्या ‘रेड ५’मध्ये एक डिस्क गेलेली चालते. २००७मध्ये रॉबिन हॅरिस यांनी लिहिलं की २००९पासून रेड ५ चालेनाशी होईल. त्यांचं गणित असं : साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात, १०चा १४वा घात इतके बिट वाचताना एक न वाचता येणारी चूक, अशी मर्यादा दिलेली असते. म्हणजे साधारण साडेबारा टेराबाइट. आता आठ टेराबाइटच्या चार डिस्क घ्या. एक मेली, तर उरलेल्या तीन पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे चोवीस टेराबाइट. कागदावर ही पुनर्बांधणी, म्हणजे रिबिल्ड, फसण्याची शक्यता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते.

प्रत्यक्षात तसं होत नाही. माहितीपत्रकातला आकडा कमाल मर्यादेचा आहे, सरासरीचा नव्हे, आणि बरी निगा राखली असेल तर रिबिल्ड बहुधा पार पडतं. हॅरिस यांची भीती मला अतिरंजित वाटते. तरीही मी दोन डिस्क गेल्या तरी तगणारी ‘रेड ६’च सुचवतो, माझ्या कारणांसाठी. चारही डिस्क एकाच दुकानातून, एकाच खेपेतल्या घेतलेल्या असतात आणि एकाच वयाच्या होतात. आठ टेराबाइटची डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या वेगाने भरायची तर पंधरा तास लागतात, तेही कार्यालय बंद ठेवलं तर. तेवढ्यात वीज किती वेळा जाईल आणि यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली होती, हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

पण हा सगळा वाद डिस्क मरण्याबद्दलचा आहे. ‘ऑफिस’ या नावाने आलेला पुसायचा हुकूम रेड चारही डिस्कवर सारख्याच इमानाने पाळते. म्हणून ती बॅकअप नव्हे. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, दुसऱ्या पेटीत, शक्यतो दुसऱ्या इमारतीत आणि रोजच्या लॉगिनच्या हाती न लागणारी. डिस्कवर खर्च करायला लोक तयार असतात. कोणी कुठे लिहायचं आणि कोणी फक्त वाचायचं, हे ठरवायला अर्धा तास बसायला तयार नसतात.

राहता राहिली ‘घरून मोबाइलवर दिसलं पाहिजे’ ही मागणी. त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट उघडून पेटी थेट इंटरनेटवर मांडणारे महाभाग आमच्याच व्यवसायात आहेत. जानेवारी २०२२मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर व्हायरसने अशाच उघड्या, क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांमधल्या फायली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. मार्च २०२१मध्ये एमआयडीसीचीच संगणकयंत्रणा अशा एका खंडणीखोर व्हायरसने ठप्प केली होती, हे आमच्या नागापूर एमआयडीसीतले उद्योजकही आता विसरले. घरून काम करायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा खासगी बंदिस्त मार्ग, घ्या, तोही पुन्हा प्रत्येकाच्या स्वतंत्र नावाने. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२मध्ये लॉग १८० दिवस जपण्याचं आणि घड्याळं प्रमाणवेळेशी जुळवण्याचं बंधन घातलं, तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांनी कपाळाला आठ्या घातल्या. सावेडीतल्या त्या कार्यालयात एवढ्या दोन गोष्टी असत्या तर निदान कोणता लॅपटॉप ते कळलं असतं.

आता मी काम घेतानाच लिहून घेतो : प्रत्येक माणसाला स्वतःचं खातं, नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच संध्याकाळी बंद, ‘ऑफिस’ नावाचं खातं नाही. त्यापायी काही गिऱ्हाइकं गेली. जी राहिली त्यांच्याकडेही लोक पासवर्ड एकमेकांना सांगतात, मॉनिटरच्या कडेला चिकटवतात. त्यावर माझ्याकडे तांत्रिक उपाय नाही. मी एवढंच करतो की सगळ्या कर्मचाऱ्यांना मालकांसमोर बसवतो, लॉगमधली एक ओळ पडद्यावर दाखवतो आणि सांगतो, ‘उद्या काही उडालं तर इथे ज्याचं नाव असेल त्यालाच विचारलं जाईल, मग बोटं कोणाचीही असोत.’ काही मालकांना हे बोलणं रुचत नाही. कर्मचारी मात्र सहसा त्याच दिवशी पासवर्ड बदलून घेतात.