अस्वलांच्या गावाला जायचं तर

अमेरिकेत जंगलात झोपायचं असेल तर पाच महिने आधी लवकर उठावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कात तंबू ठोकायच्या बहुतेक जागा आगाऊ नोंदवाव्या लागतात आणि त्यांची खिडकी उघडते महिन्याच्या १५ तारखेला, सकाळी सातच्या ठोक्याला. फेब्रुवारीत उठाल तर जून-जुलैत झोपाल. माझा इथला मुक्काम सहा महिन्यांचा, त्यामुळे हिशेब जेमतेम बसला.

फ्रीमाँटला बहिणीच्या घरी त्या दिवशी पावणेसातलाच सगळे आंघोळी करून लॅपटॉपसमोर बसले होते. भाचीकडे अपर पाइन्स, मेहुण्यांकडे लोअर पाइन्स अशी तंबूतळांची वाटणी झालेली. तारखा आधीच निवडलेल्या, कार्डाचा नंबर कागदावर लिहून ठेवलेला. "मामा, तू वायफायवर काहीही बघू नकोस," एवढीच कामगिरी माझ्याकडे होती, ती मी चोख बजावली. सात वाजले, दोघांची बोटं हलली, आणि चहा निवायच्या आत पडद्यावरचे बहुतेक चौकोन करडे झाले. भाचीला दोन रात्री मिळाल्या. मेहुण्यांना काहीच नाही. बहिणीनं देवापाशी साखर ठेवली.

मी सह्याद्रीत वाढलेला माणूस. शनिवारी दुपारी मनात आलं की एसटी पकडायची, पायथ्याच्या वाडीत कुणाच्या तरी पडवीत पिठलं-भाकरी खायची आणि गडावरच्या देवळात किंवा गुहेत पथारी पसरायची, ही माझी रानाची कल्पना. देवाच्या डोंगरावर झोपायला घड्याळ कशाला लागावं? त्यातून नियम असा, की एका जागेवर सहाच माणसं. तान्हं मूलसुद्धा मोजायचं. मेहुण्यांचे एक मित्र सहकुटुंब येणार होते. त्यांच्या सहा महिन्यांच्या बाळानं आकडा सातावर नेला, आणि ते कुटुंब गळालं.

याच रानात एकेकाळी वेगळी तऱ्हा होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मे १९०३ मध्ये इथं आले, तेव्हा दरीत त्यांच्यासाठी मेजवानीचा घाट घातलेला होता. ती टाळून हे गृहस्थ निसर्गलेखक जॉन म्यूर यांच्याबरोबर रानात गेले, घोंगड्या अंथरून उघड्यावर झोपले आणि एका सकाळी अंगावर बर्फ घेऊन उठले. वर खूशही झाले. म्यूरना हवी होती ती गोष्ट पुढं १९०६ मध्ये झाली: राज्याच्या ताब्यात असलेली दरी केंद्राच्या नॅशनल पार्कात आली. त्या दरीचं संरक्षण मात्र त्याच्या कितीतरी आधीचं. १८६४ साली, देशात यादवी युद्ध पेटलेलं असताना, लिंकननी तिच्या राखणीच्या कायद्यावर सही केली होती. घरचं जळत असताना डोंगराची काळजी करणारा राज्यकर्ता! मला या माणसाचं नवल वाटतं ते वाटतंच.

आता मात्र तसं उठून जाणं परवडणारं नाही, हे आकडे पाहिल्यावर मलाही कबूल करावं लागलं. वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास माणसं या पार्कात येतात आणि त्यातल्या बहुतेकांना जायचं असतं सात मैल लांब आणि जास्तीत जास्त मैलभर रुंद अशा एकाच दरीत, जिथं एल कॅपितान नावाचा सलग कातळ तळापासून सुमारे ३,००० फूट सरळ वर गेलाय. माझी तक्रार वेगळी आहे. ज्याला पाच महिन्यांनंतरची रजा आज सांगता येते, ज्याच्या घरात दोन लॅपटॉप आणि वेगवान इंटरनेट आहे, त्यालाच हे रान मिळतं. तासावर काम करणाऱ्यानं, ज्याला पुढच्या आठवड्याची पाळी ठाऊक नसते, त्यानं जूनमधली रात्र फेब्रुवारीत कशी मागावी?

जागा मिळाल्यावर मला वाटलं, झालं. खरी तयारी तिथून सुरू झाली. एका रविवारी भाचीनं हॉलमधली सतरंजी गुंडाळली आणि फरशीवर चिकटपट्टीनं चौकट आखली. पंचेचाळीस इंच रुंद, तेहेतीस इंच खोल. मग भिंतीवर अठरा इंचांवर एक खूण. ही अस्वलाच्या पेटीची मापं. प्रत्येक तंबूजवळ अशी लोखंडी पेटी असते, तिची कडी अस्वलाच्या पंजाला उघडत नाही, आणि ज्याला ज्याला वास आहे ते सगळं त्यात गेलं पाहिजे. अंधार पडल्यावर गाडीतही काही ठेवायचं नाही, कारण इथल्या काळ्या अस्वलाला (रंगानं ती बरीचशी तपकिरीच असतात) गाडीच्या दाराची चौकट खालपर्यंत वाकवता येते. एकट्या १९९८ साली अस्वलांच्या अशा उपद्रवाच्या १,५०० च्या वर घटना नोंदल्या गेल्या. या पेट्या आणि कडक नियम आल्यावर ते प्रमाण पार खाली आलं.

यात अस्वलाचा दोष कितीसा? १९२०-३० च्या दशकांत इथं संध्याकाळी उष्टं-खरकटं टाकून, दिवे लावून, पर्यटकांना अस्वलांचं जेवण दाखवायचा कार्यक्रमच चाले. माणसाच्या अन्नाची चटक आधी आपण लावली, मग चटक लागलेल्या अस्वलांना गोळ्या घातल्या, आणि आता कुठं माणसाच्या टूथपेस्टला कुलूप लावण्यापर्यंत शहाणपण आलंय.

लाकडांचंही तसंच. सरपण लांबून आणायचं नाही, त्यातून झाडांना पोखरणारे किडे प्रवास करतात. आणि दरीत पडलेली काडीसुद्धा उचलायची नाही, ती तिथंच कुजून मातीत जायला हवी. विकत घ्या, मे ते सप्टेंबर या काळात संध्याकाळी पाच ते रात्री दहा एवढ्याच वेळात पेटवा. हे वाचताना अहवानीची लोकांची आठवण होते. ही दरी त्यांची. कुरणं मोकळी राहावीत, ओकची झाडं तगावीत, त्यांचं फळ हाताला लागावं, म्हणून ते मुद्दाम आग लावत. १८५१ मध्ये मॅरिपोसा बटालियन ही गोऱ्यांची तुकडी बंदुका घेऊन दरीत उतरली आणि त्यांना हुसकावू लागली. नंतर आलेल्यांनी त्या देखण्या कुरणांकडं पाहिलं आणि ठरवलं, की इथं माणसाचा हातच लागलेला नाही. शेकोटीच्या वेळापत्रकात हे कुठं लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

तर चौकट. बहिणीनं कूलर ठेवला, त्यानंच अर्धी जागा खाल्ली. मग पोह्यांचा डबा, गोडा मसाला, लसणीची चटणी, मेतकूट. दरी ४,००० फुटांवर, पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं, डाळ शिजायला वेळ लागणार, म्हणून मेहुण्यांनी कुकरचा हट्ट धरला. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, म्हणून शिट्ट्या दहाच्या आत, असं ठरलं. मग हिंग आला. त्या डबीला एकावर एक तीन पिशव्या घातल्या तरी हॉलभर वास होताच.

"दादा, हिंग घरीच ठेवू या का?" बहीण म्हणाली.

"बिनहिंगाची आमटी खायला एवढ्या लांब जायचं?" मी.

भाचीनं निमूटपणे हिंग चौकटीत ठेवला. मग साबण, टूथपेस्ट, मेहुण्यांचं आफ्टरशेव्ह, ओठांचं मलम. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"मामा, तुझं खोबरेल?"

"ते डोक्याला लावायचं असतं गं."

"अस्वलाला कुठं माहितीये?"

खोबरेल चौकटीत गेलं. लावलेलं डोकं कुठं ठेवायचं, याचा नियम ती अजून शोधतेय.