उशिरां आलेली टाळी

कांहीं माणसांच्या घरीं भाग्य येतें खरें, पण घराला कुलूप पडल्यावर. अशा माणसांच्या कथा ऐकतांना आपण सारेच मोठे उदार होतों. “अखेर गुणांचें चीज झालेंच!” असें म्हणतों आणि समाधानानें पान उलटतों. अमेरिकेंतील ‘बिग स्टार’ या अल्पायुषी वाद्यवृंदाचीं गाणीं वारंवार ऐकूं लागल्यापासून आम्हांला या समाधानाचीच शंका येऊं लागली आहे.

टेनेसी संस्थानांतील मेम्फिस शहरीं १९७१ सालीं क्रिस बेल, अलेक्स चिल्टन, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स या चार तरुणांचा मेळ जमला. त्यांपैकीं चिल्टनला यश अपरिचित नव्हतें. ‘बॉक्स टॉप्स’ या वृंदांत असतांना, १९६७ सालीं, ऐन सोळाव्या वर्षीं त्यानें गाइलेलें ‘द लेटर’ अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलें होतें. नव्या मेळाला नांव मिळालें तें वाणसामानाच्या दुकानांच्या पाटीवरून! १९७२ सालच्या पहिल्या तबकडीचें नांव तर ‘नंबर वन रेकॉर्ड’. परीक्षणकारांनीं तिची तोंडभर स्तुति केली. परंतु त्या काळीं तिच्या दहा हजार प्रतीही खपल्या नाहींत. कारण अगदींच व्यवहारी होतें. वितरण ज्या स्टॅक्स कंपनीकडे होतें, तिला माल दुकानांपर्यंत पोंचवितां येईना. पुढें तें काम कोलंबियाकडे गेलें, तिला त्याची आस्था नव्हती. परीक्षण वाचून हौसेनें दुकान गांठावें, आणि तबकडी तेथें नसावीच! रसिकांनीं नाकारलें असतें, तर तो निकाल तरी झाला असता. येथें खटला उभाच राहिला नाहीं.

या धाटणीच्या संगीताला ‘पॉवर पॉप’ म्हणतात. हें नांव १९६७ सालीं ‘द हू’च्या पीट टाउनशेंडनें प्रथम वापरलें. चाल बीटल्सच्या वळणाची, गोड. दोन-तीन आवाज एकमेकांत गुंफलेले. आणि त्याखालीं गिटार व ढोल यांचा ठणठणीत आवेश. गाणें तीन मिनिटांच्या आंत आटोपतें. ‘सप्टेंबर गर्ल्स’ ऐकावें: गिटारचे सूर उन्हांत पितळी भांडीं चमकावीं तसे चमकतात, आणि शब्दांत मात्र हुरहूर भरलेली असते. ‘थर्टीन’ त्याहून साधें. पोरसवदा वयाचें प्रेम, हलक्या हातानें छेडलेल्या तारा, ढोलाचा ठोका नाहीं. तेरा वर्षांच्या मुलाचा संकोच इतक्या अदबीनें जपणारें गाणें आम्हीं क्वचितच ऐकलें आहे.

१९७२ संपतां संपतां निराश झालेला बेल बाहेर पडला. १९७४ सालीं ‘रेडिओ सिटी’ ही दुसरी तबकडी निघाली. तिच्याही वांट्याला तेंच दुर्दैव आलें. हमेलही निघून गेला. तिसरी १९७४ सालीं मुद्रित झाली, ती विक्रीस आली १९७८ सालीं. तींत पूर्वींचें ऊन मावळलेलें आहे. कांहीं गाणीं तर अंधाऱ्या खोलींत कोणी स्वतःशींच पुटपुटावें तशीं वाटतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, वडिलांच्या उपाहारगृहांत काम करणारा बेल मोटार-अपघातांत मरण पावला. त्याचें वय सत्तावीस होतें.

मग कीर्ति आली. ‘आर. ई. एम.’सारख्या वृंदांनीं या मेळाचें ऋण उघडपणें मान्य केलें. ‘रिप्लेसमेंट्स’नीं १९८७ सालीं एका गाण्याला ‘अलेक्स चिल्टन’ हेंच नांव दिलें. १९९३ सालीं चिल्टन व स्टीफन्स नव्या साथीदारांसह पुनः रंगमंचावर आले. चिल्टन व हमेल दोघेही २०१० सालीं निवर्तले. त्यांच्या कानीं ही टाळी पडली तरी. बेलच्या कानीं ती पडलीच नाहीं.

भवभूतीनें समानधर्म्यासाठीं काळ निरवधि आहे असें मानून धीर धरला. परंतु काळ निरवधि असला तरी आयुष्य तसें नसतें. गाण्यांचें यांत कांहीं बिघडलें नाहीं; तीं आजही तितकींच टवटवीत आहेत. बिघडलें तें माणसाचें. आणि गुणांचें चीज ‘अखेर’ होतेंच, या श्रद्धेंत आम्हांला आतां थोडा आळस दिसतो. दाद देण्याचें काम आपण काळावर सोंपवितों. आपल्याच आळींत आज कोणी जीव ओतून गात असेल, लिहीत असेल. त्याला दोन शब्द सांगायचे असतील तर ते या आठवड्यांतच सांगावे. काळ आपला निरोप वेळेवर पोंचवील असा भरंवसा धरूं नये.