दगदग टाळावी

हृद्‌पुनर्वसन म्हणजे हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास शस्त्रक्रिया यांनंतर देखरेखीखाली मोजूनमापून दिलेला व्यायाम, आहार आणि औषधांविषयीचे मार्गदर्शन व मनाला उभारी देणारे समुपदेशन यांच्या साहाय्याने रुग्णाला पुन्हा कामाधामाला लावणारी उपचारपद्धती. ती उपचाराचाच एक टप्पा आहे, हौसेचा भाग नव्हे, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला स्वतःच्या बायपासनंतर तब्बल सात महिन्यांनी, तीही एका परिचिताच्या बोलण्यातून योगायोगाने, कळली; आणि ती इतक्या उशिरा का कळावी, हा प्रश्न चार वर्षे उलटली तरी त्याच्या मनातून गेलेला नाही.

लेखकाचे वय तेव्हा अठ्ठावन्न होते, तीन रक्तवाहिन्यांत अडथळे होते, शस्त्रक्रिया पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात झाली आणि उत्तम झाली. त्याविषयी तक्रार नाही. नवव्या दिवशी हाती पडलेल्या डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक गोळी किती मिलिग्रॅमची, जेवणाआधी की नंतर, हे काटेकोरपणे लिहिलेले होते आणि तळाशी एकच ओळ होती : ‘विश्रांती घ्यावी, दगदग टाळावी.’ औषधाला माप होते, दगदगीला नव्हते. एक जिना चढणे ही दगदग की तीन? मंडईतून दोन किलो भाजी आणणे, नातीला कडेवर घेणे, फोनवर वाद घालणे, यांपैकी दगदग कोणती? मराठीत हा शब्द शारीरिक श्रमाला लागतो तसाच मनस्तापालाही लागतो, त्यामुळे घरातील प्रत्येकाने त्यात आपापली भीती भरली. साताऱ्यातील तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या घरात मुलाने दिवाणखान्यात पलंग लावला, पत्नी आंघोळीच्या वेळी दाराबाहेर उभी राहू लागली, आणि लेखक तपासणीपुरताच खाली उतरू लागला.

या निर्बंधांतील एक भाग शास्त्रशुद्ध होता, हे नमूद करणे आवश्यक आहे. बायपाससाठी छातीचे मधले हाड कापून ते पुढे तारेने बांधतात. ते सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून त्या काळात जड वजन उचलायचे नसते आणि खोकताना छातीशी उशी धरायची असते. मात्र ही बंदी केव्हा संपते, हे कोणी न सांगितल्यामुळे दोन महिन्यांची बंदी सात महिने चालली. फेरतपासणीत इको झाला आणि ‘इजेक्शन फ्रॅक्शन’, म्हणजे डाव्या कप्प्यातील रक्तापैकी एका ठोक्यात बाहेर ढकलल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण, ५५ टक्के आले. ते समाधानकारक असल्याने सारे उत्तम असल्याचे सांगण्यात आले. त्या दिवशी घरी परतताना हा उत्तम हृदयाचा माणूस पहिल्याच मजल्यावर धापा टाकत पायरीवर बसला होता. जिना चढता येतो का, असे त्याला तपासणीत कोणी विचारले नव्हते.

विश्रांतीचा हा संस्कार जुना आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटका आलेल्या रुग्णाला चार ते सहा आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवीत. बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ मध्ये अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचे फायदे मांडले, तेव्हा त्या रूढीला तडा गेला. डॅलस येथे १९६६ मध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर ठेवून पाहण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा चाचणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वयोमानापेक्षा त्या तीन आठवड्यांनीच त्यांची श्रमक्षमता अधिक घटवली होती, असे दिसले. लेखकाचे तर सात महिने गेले होते.

पुनर्वसन केंद्र पुण्यात असल्याने त्याला बारा आठवडे बहिणीकडे राहावे लागले. पहिल्या दिवशी सहा मिनिटांत सपाट मार्गिकेवर किती अंतर चालता येते याची चाचणी झाली. ते २४० मीटर भरले. त्यानंतर ‘बोर्ग श्रेणी’ समजावण्यात आली. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी आखलेल्या या श्रेणीत रुग्णाने स्वतःला जाणवणारे श्रम ६ ते २० या आकड्यांत सांगायचे असतात. नाडी आटोक्यात ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असताना नुसत्या नाडीवरून श्रमाचा अंदाज येत नाही, म्हणून ती विशेष उपयोगी पडते. साधारणपणे ११ ते १३ च्या दरम्यान राहावे, असे सांगण्यात आले. ट्रेडमिलवर संथ चालतानाच लेखकाने ‘सतरा’ म्हटले, फिजिओथेरपिस्टने पडद्यावरील आलेख, रक्तदाब, श्वास हे सारे शांतपणे तपासले आणि विचारले, “काका, दम लागलाय की भीती वाटतेय?” सात महिन्यांत हा प्रश्न प्रथमच विचारला गेला होता. बाराव्या आठवड्यात अंतर ४१० मीटर झाले.

व्यायामाधारित पुनर्वसनाविषयीच्या ८५ चाचण्यांच्या, तेवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या २०२१ मधील कॉक्रेन आढाव्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी झाल्याचे आढळले. असे असूनही शस्त्रक्रियेचे लाखो रुपये फेडणाऱ्या विमा कंपनीने हा खर्च बाह्यरुग्ण सेवेत मोडतो म्हणून नाकारला, हे अन्यायाचे आहे आणि अन्यायाचेच म्हटले पाहिजे. रुग्णालयावरील राग मात्र मध्यंतरी निवळला होता : गर्दीने भरलेल्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना वेळ कोठून मिळणार, आणि साताऱ्याच्या रुग्णाला ते पाठवणार तरी कोठे? पण अलीकडे एका शेजाऱ्याच्या डिस्चार्ज कार्डावर तीच ओळ तशीच छापलेली दिसली आणि तो राग परत आला, कारण आणखी चार ओळी छापायला वेळही लागत नाही आणि पैसाही. पत्नीवर धरलेला राग मात्र चुकीचा होता. दाराबाहेर उभ्या राहणाऱ्या त्या माणसाला कोणी काहीच सांगितले नव्हते. त्या बंदिस्त महिन्यांतील तिच्यासोबतच्या निवांत दुपारी लेखकाला आजही कधी कधी हव्याशा वाटतात.

ज्यांच्या घरी असा रुग्ण येणार असेल त्यांनी रुग्णालय सोडण्यापूर्वी विचारावे : पहिल्या आठवड्यात किती मिनिटे चालायचे, ते कसे वाढवायचे, जिना कधी, वजन कधी, काय झाले तर थांबायचे, आणि पुनर्वसन केंद्र कोठे आहे. उत्तरे तोंडी घेऊ नयेत. त्याच कार्डावर लिहून घ्यावीत.